तुमच्या कागदावरची माझी सही

प्रिय आक्का,

साष्टांग नमस्कार.

तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं, तरी पत्र लिहायला बसलेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सुमे, मला वाचून कोन दावनार? तूच ना? मग तोंडानंच सांग की!" खरं आहे. पण तोंडानं सांगायची वेळ होती तेव्हा मी सांगितलं नाही. जे सांगितलं ते नको ते सांगितलं. म्हणून आता कागद घेतलाय. मागल्या वर्षीच्या वहीची कोरी पानं उरली होती, तीच घेतलीत. नवी वही मोडली असती तर पहिल्या तुम्हीच रागावला असतात.

आज सकाळी चांगुणा आली. तुमची धाकटी बहीण. गुंजवण्याहून जीपनं, मग कापूरहोळला गाडी बदलून इकडं भोरला. तुमचे भावजी, म्हणजे आमचे हे, स्टँडवर आणायला गेले होते. म्हणाले, एसटीच्या तीन पायऱ्या उतरायला तिला एवढा वेळ लागला की मागची माणसं ओरडायला लागली. आणि ती काय म्हणाली असेल? "लुगडं आडाकलं वो!"

उद्या आपल्या शाळेच्या हॉलमध्ये गुडघ्यांचं शिबिर आहे. तेच, पुण्याच्या दवाखान्याचं. तेच डॉक्टर, तीच सिस्टर. घरात येऊन पिशवी टेकवते न टेकवते तोच चांगुणा मला म्हणाली, "सुमनबाई, आक्काचं ते हिरवं लुगडं हाय का आजून? उद्याच्याला त्येच नेसते. आन तिची ती गोळी आसंल तर ती बी द्या एक. डाक्टरपुढं लंगडायला नको."

माझ्या हातात तिच्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या होता. तो तसाच हातात राहिला, आक्का. कारण हे वाक्य मी आधी ऐकलंय. तुमच्या तोंडून नव्हे. माझ्याच तोंडून.

आठवतं का तुम्हाला? दोन वर्षांपूर्वी, गणपती उठल्यावर, शिबिराचा कागद दारात आला होता. घरात कागद वाचायचं काम माझं. तुमच्या भावजींनी आयुष्यभर एसटी चालवली, पण छापील कागद आला की तो माझ्याकडं सरकवायचा. मॅट्रिक झालेली ना मी! मी देवासमोर बसून मोठ्यानं वाचला. त्यात एक ओळ होती: शस्त्रक्रियेसाठी रुग्ण तंदुरुस्त असणे आवश्यक.

ती ओळ रक्तदाबाची होती, साखरेची होती, हृदयाची होती. मी ती गुडघ्यांनासुद्धा लावली. मी म्हटलं, "आक्का, जी धडधाकट दिसेल तिला आधी घेणार. लोळागोळा झालेलीला कोण हात लावील?" तुम्हाला ते लगेच पटलं. आपल्याला दुसरं काय माहीत होतं? घरातल्या किती मुली आपण दोघींनी दाखवल्या! उजेडाकडं बसवायची, दाताला खिडकी असेल तर हसू नको म्हणायचं, पाय वाकडा पडत असेल तर लांब चालवायची नाही. चार लोकांपुढं जायचं म्हणजे उणं झाकून जायचं.

मी तुम्हाला पेटीतलं हिरवं लुगडं काढून दिलं, न्याहारीबरोबर दुखायची गोळी दिली, आणि अंगणातून तुळशीपर्यंत चार वेळा चालवून घेतलं. तुम्ही हसत होतात. "आता ह्या वयात मला दावायला न्हेती व्हय गं? आन पसंत पडले तर हुंडा कुनी द्यायचा?"

किती हसलो होतो आपण!

हॉलमध्ये बाकावर आपल्या शेजारी आपल्याच गल्लीतली जैतूनभाभी बसली होती, शिवणकामवाली. आपला कागद आधी, तिचा मागून. सिस्टरनं तुमचे प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि तुम्ही माझ्याकडं बघितलंत. म्हणून उत्तरं मी दिली. जमिनीवर बसता येतं? येतं. जिना चढता येतो? येतो. रात्री दुखण्यानं झोप मोडते? नाही हो, शांत झोपतात. आपली आंघोळ आपण करतात? करतात की! घरकाम? सगळं करतात. शेवटी कागदाच्या तळाला एक रेघ होती, माहिती देणाऱ्याची सही. मी वळणदार अक्षरात नाव लिहिलं. तुम्ही कौतुकानं बघत होतात.

मग जैतूनभाभीची पाळी आली. सिस्टरनं तिला पहिला प्रश्न विचारला आणि ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली, "बाई, खाली बसलं की उठता येत नाही. म्हणून संडासला जायला लागू नये, म्हणून मी पाणीच पीत नाही. आता लिहा काय लिहायचं ते."

तुम्ही पदर तोंडाला लावलात. "काय बाई ही! चारचौघांत!" मीसुद्धा मान फिरवली. मला वाटलं, संपलं हिचं, हिला आता घेत नाहीत.

आठ महिन्यांनी जैतूनभाभीला दवाखान्यातून बोलावणं आलं. आपल्याला आलं नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली, आक्का. गॅसचा नंबर असो, रेशनची रांग असो, देवळातली दर्शनबारी असो, आधी आला तो आधी, एवढाच न्याय मला ठाऊक. आपला कागद आधी दिला, मग ती पुढं कशी? ती बॅग भरून रिक्षाची वाट बघत उभी होती आणि मी ओट्यावरून विचारलं, "भाभी, कुणाच्या ओळखीनं झालं हे?"

ती म्हणाली, "ओळखीनं? माझ्या गुडघ्याच्या ओळखीनं."

मी त्या दिवाळीला तिच्याकडं फराळाचं ताट पाठवलं नाही. तुम्ही दोनदा म्हणालात, "सुमे, भाभीला दिलं का?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रोज पूजा करणारी, चतुर्थी न मोडणारी मी! पण मनात एवढं विष होतं.

दवाखान्यातून दर तीन महिन्यांनी सिस्टरचा फोन यायचा. आज्जी कशा आहेत? त्रास वाढलाय का? चालताना आधार लागतो का? आणि मी म्हणायची, "देवाच्या दयेनं बरं आहे. काठीबिठी काही नाही." काठी नव्हतीच. भिंत होती! न्हाणीपासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीवर तुमच्या तळहाताचा मळकट पट्टा उमटला होता. दिवाळीला मी त्यावर चुना मारून घेतला. आणि मी फोनवर बोलत असताना तुम्ही शेजारी उभ्या राहून मान डोलवत होतात. बरोबर सांगती गं, असं.

तुम्ही तरी बोलायचं होतंत! मी चुकले, पण गुडघे तुमचे होते ना? एकदा तरी माझ्या हातातला मोबाईल ओढून घेऊन ओरडायचं होतंत! उभ्यानं जेवायला लागलात तेव्हा मी विचारलं, तर म्हणालात, "उभ्यानं आन्न बरं जिरतंय." तांब्या भरून ठेवला तर संध्याकाळी तो तसाच भरलेला. "मला तहानच लागत न्हाई." आणि ते न्हाणीघरातलं? खिडकीच्या गजाला तुम्ही जुन्या लुगड्याची एक पट्टी गाठ मारून बांधून ठेवायचात. मला वाटायचं, तुम्हाला चिंध्या साठवायची खोड आहे. मी ती सोडून धुऊन घडी घालून ठेवायची. दुसऱ्या दिवशी परत गजाला! तिसऱ्या वेळी मी चिडले, "आक्का, पाहुणे येतात घरी, न्हाणीत हे काय लक्तर लावलंय!" मग ती पट्टी परत दिसली नाही.

तुमचे भावजी म्हणाले होते, संडासात ठेवायची खुर्ची मिळते, आणू या. मी म्हटलं, चार महिन्यांत ऑपरेशन होईल, मग खुर्चीचे पैसे वायाच ना? आयुष्यात इतक्या ठिकाणी काटकसर केली, त्यातली ही एकच मला झोपू देत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मार्गशीर्षात तुमच्या पायांवर सूज आली, चेहरा सुजला, अन्न नकोसं झालं. आपल्या गावातल्या डॉक्टरांनी विचारलं, गोळी किती दिवस चालू आहे? मी वही काढली. वाणसामानाच्या खाली दर आठवड्याला लिहिलेलं होतं, गोळ्यांची पट्टी. आधी महिन्याला एक, मग दोन, मग आठवड्याला एक. माझ्याच अक्षरात. ज्या आठवड्यात फोनवर 'बरं आहे' म्हटलं, त्याच आठवड्यात दोन पट्ट्या! डॉक्टर म्हणाले, वय झालंय, एवढ्या गोळ्या, त्यात पाणी नाही, सगळं मिळून किडन्या थकल्या.

शेवटच्या आठवड्यात जैतूनभाभी तुम्हाला बघायला आली. चालत आली, आक्का. काठी नाही, भिंत नाही. उंबरा ओलांडून सरळ आत, आणि खाली सतरंजीवर नको म्हणून खुर्ची मागून घेऊन बसली. तुमचे पाय मांडीवर घेऊन चोळत होती. तुम्ही तिच्या गुडघ्यांकडं बघत होतात. म्हणालात, "झ्याक झालं गं तुजं." एवढंच. मी चहा टाकायच्या निमित्तानं आत निघून गेले.

तुम्ही गेल्यावर दीड महिन्यानं मी पुण्याला गेले. तुमचं नाव यादीत तसंच होतं आणि कुणाची तरी जागा अडत असेल, म्हणून ते काढायला. खरं सांगू? भांडायलाही गेले होते. काउंटरवर तीच सिस्टर होती. मी म्हटलं, "आमचा कागद आधी होता. मागून आलेल्यांची झाली. आमची आक्का वाट बघता बघता गेली."

तिनं फाईल शोधून काढली. बराच वेळ ती बघत राहिली. मग माझ्यापुढं फिरवून ठेवली.

"काकू, यांना तर काहीच त्रास नव्हता."

एकेका प्रश्नापुढं मी सांगितलेलं उत्तर होतं. अडचण नाही. अडचण नाही. अडचण नाही. फोनच्या तारखा होत्या, त्यांच्यापुढं 'ठीक'. आणि तळाला माझी वळणदार सही.

सिस्टर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं मला बसवून समजावलं. खाटा मोजक्या, नावं पुष्कळ. तारखेप्रमाणं बोलवत गेलो तर जिला अजून बाजारात जाता येतं ती आत जाईल आणि जी अंथरुणाला खिळत चाललीय ती बाहेर राहील. म्हणून त्रासाला मार्क देतात. जास्त मार्क, आधी नंबर. दर तीन महिन्यांनी फोन करतात तो चौकशीचा नसतो, कुणाचा त्रास वाढला हे बघून यादी खालीवर करायचा असतो. "तुम्ही दर वेळी बरं आहे म्हणालात. आम्हाला वाटलं, या आजी थांबू शकतात."

मला तिथं भांडायला काही शिल्लकच नव्हतं. घरात चार लेकरं असली तर ताप आलेल्याला आई आधी जवळ घेते, थोरलं कोण धाकटं कोण बघत नाही. हे मला कळत नव्हतं का? तीच गोष्ट ते करत होते. फक्त त्या यादीला कान आहेत, डोळे नाहीत. जे सांगितलं तेवढंच तिला कळतं. आणि सांगणारी मी होते.

परत येताना एसटीत बसून मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला. ओठ हलले, पण नाव येईना.

होळीला पुरणपोळीचं ताट घेऊन मी जैतूनभाभीकडं गेले. सगळं सांगितलं. ओळखीनं झालं म्हणाले होते, तेही. ती मशीनवर काहीतरी शिवत होती. पाय पायडलवर तसाच ठेवून म्हणाली, "एवढ्यासाठी माझी चकली बुडवलीस होय?" मग ती रडली, मी रडले. तिच्याकडून उठताना तिनं विचारलं, "चांगुणाला सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. कुणालाच नव्हतं. तुमच्या भावजींनासुद्धा नाही. सगळे म्हणत होते, सुमननं थोरल्या जावेचं किती केलं! मी मान खाली घालून ऐकून घेत होते.

आणि आज चांगुणा हिरवं लुगडं मागतेय. आत्ता ती ओसरीत तांदूळ निवडतेय, कॉटवर बसून, सूप मांडीवर. मी म्हटलं तिला, "चांगुणाबाई, उद्या खरं सांगा हो, दुखतं म्हणून." तर म्हणाली, "आमच्या आक्कानी मरंस्तवर तोंडातनं आवाज काढला न्हाई. तिची भन मी. मी काय गळा काढू व्हय परक्या मान्सापुढं?"

तुमचा केवढा अभिमान वाटतो तिला! आणि तो अभिमान माझ्या खोटेपणावर उभा आहे. तो मोडायचा तर मला तिच्यापुढं उघडं पडायला हवं. ती भावाकडं सांगेल, गुंजवण्यात सांगेल, माझं तोंड बघणार नाही. पण नाही सांगितलं तर उद्या त्याच बाकावर तेच होणार.

आक्का, हे पान संपलं की मी उठून ओसरीत जाणार आहे. मेंगाईदेवीला हात जोडलेत. तुम्हालाही जोडते.

*

इथवर काल लिहिलं. आज संध्याकाळचा दिवा लावून पुढचं लिहितेय.

काल सांगितलं मी तिला. फाईल, सही, फोन, गोळ्यांच्या पट्ट्या, सगळं. ती तांदूळ निवडत राहिली. खडा नसलेले दाणेसुद्धा बाजूला काढत राहिली. मग सूप खाली ठेवलं.

"म्हंजे ती बोलली न्हाई... आन तू बी बोलली न्हाईस."

आजवर मला अहोजाहो करणारी बाई ती. एकदम एकेरीवर आली. मी म्हटलं, "हो."

"दोगींनी मिळून झाकलंत."

"हो."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. जेवली, तेही मुकाट्यानं. तुमच्या भावजींनी विचारलं, काय झालं? मी त्यांनाही सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "मला खुर्ची आणायची होती." तेवढंच. त्या तेवढ्यानं मला जे लागायचं ते लागलं.

सकाळी मी हिरवं लुगडं काढून पलंगावर ठेवलं होतं. म्हटलं, तुमची बहीण, तिचा हक्क. आंघोळ करून बाहेर आली तर अंगावर तिचं रोजचंच विटकं लुगडं. गोळी देऊ का, असं मी विचारलं नाही आणि तिनं मागितली नाही. शाळेपर्यंत पाच मिनिटांची वाट. आम्हाला पाऊण तास लागला. वाटेत चार ठिकाणी बसली, आणि दर वेळी माझाच हात धरून उठली. बोलली मात्र नाही.

तोच बाक. सिस्टरनं मला ओळखलं, काही दाखवलं नाही. कागद पुढं घेतला.

"मावशी, जमिनीवर बसून काम जमतं का?"

आणि आक्का, काय सांगू! एवढं सगळं होऊनही चांगुणाच्या तोंडून निघालं, "जमतंय की!"

सवय हो! साठ वर्षांची सवय. तिला स्वतःलाही कळलं नाही. सिस्टरचं पेन टेकलं कागदावर. मध्ये बोलू नये हे कळत होतं, पण बोलले. "सिस्टर, जमतं का म्हणून विचारू नका. आमच्याकडची बाई 'जमतं'च म्हणणार. कसं करता, ते विचारा."

सिस्टरनं पेन उचललं. "बरं. मावशी, भाकरी कशा करता?"

चांगुणा खुलली. कामाचं विचारलं ना कुणीतरी! "आता बगा, परात ठिवायची खाटंवर. आपुन उभ्यानंच थापायची. तवा वट्यावरल्या शेगडीवर. चुलीपाशी बसायचंच न्हाई, म्हंजी उठायचा सवालच न्हाई!"

"आणि झोपता कशा?"

"भिताडाला टेकून, बसून. आडवं झालं की पाय सरळ करताना जीव जातुया, मग आडवंच कशाला व्हायाचं?"

"शेतात?"

"भाताची लावनी सोडली. पर मी बांधावर हुभी ऱ्हाऊन रोपाच्या मुठी फेकून देती पोरीस्नी. नेम लई बेस हाय माजा."

पलीकडच्या बाकावरची एक बाई हसली. चांगुणाही हसली. सिस्टर हसत नव्हती, भराभर लिहीत होती.

"आणि मावशी, संडासला?"

ती थांबली. माझ्याकडं बघितलं. कालपासून पहिल्यांदा बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "वर आढ्याला वासराचं दावं बांधलंय. त्येला दोनी हातानी धरायचं, आन वढून घ्यायचं सोताला. आक्कानीच शिकवलं. ती म्हनली, भोराच्या घरात दावं कुठलं, मी आपली लुगड्याची पट्टी बांधती गजाला."

मला हॉलमध्ये काही ऐकू येईनासं झालं.

तीन वेळा सोडली मी ती पट्टी, आक्का. धुऊन, घडी घालून! लक्तर म्हणाले. आणि पट्टी दिसेनाशी झाली त्यानंतर तुम्ही कशाला धरून उठत होतात? गजाला? बादलीला? की म्हणूनच तो तांब्या संध्याकाळपर्यंत भरलेला राहायचा?

तुम्ही एका शब्दानं सांगितलं असतंत, "सुमे, ती माझी काठी आहे गं." तुमच्या बहिणीला सांगितलंत, मला नाही सांगितलंत! धाकटी जाऊ ती परकीच का? की माझं घर स्वच्छ दिसावं, एवढंही तुम्ही माझ्यासाठी सोसलंत?

डॉक्टरांनी चांगुणाचे गुडघे दाबून बघितले, एक्स-रेचे फोटो बघितले. रक्तदाब, साखर ठीक आहे म्हणाले. तंदुरुस्त असणे आवश्यक, ती ओळ एवढ्यापुरतीच होती बघा. नंबर कधी लागेल ते सांगितलं नाही. तिच्याहून जास्त त्रासाच्या बायका असतील तर त्या आधी जातील, आणि ते बरोबरच आहे. पण तिचा कागद आता खरा आहे. सिस्टरनं तळाची रेघ माझ्यापुढं केली तेव्हा चांगुणा म्हणाली, "तिची नगं. माजा आंगठा घ्या." मग शाई पुसता पुसता म्हणाली, "तिची बी घ्या खाली. सांगितलं तिनंच की."

येताना ती माझ्याशी बोलली. "सुमनबाई, जरा हळू चाला की." परत अहोजाहो. माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. विचारायचं तर तुम्हाला विचारायला हवं आणि तुम्ही उत्तर देणार नाही.

आक्का, आता माझा शब्द घ्या. आपल्या गावात जेव्हा जेव्हा हे शिबिर होईल, वेल्ह्याला झालं तर तिथंही, मी त्या बाकावर जाऊन बसेन. सिस्टरनं हो म्हटलंय, जैतूनभाभीही येते म्हणालीय. जी बाई नवं लुगडं नेसून, गोळी खाऊन, ताठ चालत येईल, तिच्याशेजारी बसेन आणि विचारेन, भाकरी कशी करता? झोपता कशा? उठता कशाला धरून? आणि ती जे सांगेल ते, जसं सांगेल तसं लिहून देईन. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर जास्त नाही. हे माझं व्रत समजा. उद्यापन नसलेलं.

तुमची पट्टी मला पेटीच्या तळाशी सापडली, मीच घातलेल्या घडीत. चांगुणा नंबर लागेपर्यंत इथंच राहणार आहे. खुर्ची आणायला तुमचे भावजी आत्ताच निघालेत. तोवर म्हणून ती पट्टी मी न्हाणीच्या गजाला बांधलीय. दोन गाठी मारल्यात. ओढून बघितली, माझं सगळं वजन टाकून. सुटत नाही.

आता ती कुणी सोडणार नाही.

माहिती देणारी,
तुमची धाकटी जाऊ
सुमन